ओट्यावरचा निखारा: छोट्या ओव्हनमध्ये रोजचा स्वयंपाक



आजचा विषय आहे ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन. भारतात आपण त्याला ओटीजी म्हणतो, इथल्या दुकानात तो बेंचटॉप ओव्हन म्हणून मिळतो. बऱ्याच घरांत तो असतो. त्यात सकाळी ब्रेड गरम होतो, शनिवारी पिझ्झा होतो, मुलांच्या वाढदिवसाला केक होतो. रोजच्या वरण-भात-भाजीशी मात्र त्याचा संबंध नाही, असं आपण धरून चालतो. तो संबंध कसा जोडायचा, हे आज पाहू.

आधी अडचण कुठे आहे ते बोलू. अल्बनीत अपार्टमेंट असो की भाड्याचं टाउनहाउस, बऱ्याच स्वयंपाकघरांत गॅसची शेगडी नसते. काचेचा विजेचा हॉब असतो किंवा इंडक्शन असतं. भात होतो, आमटी होते, पोळीही तव्यावर होते. पण वांगं कशावर भाजायचं? पापड कशावर शेकायचा? मसाल्याच्या वाटणासाठी खोबऱ्याची वाटी विस्तवावर धरायची, तर विस्तवच नाही. मॅसी विद्यापीठात शिकायला आलेली, चार जणांत एक स्वयंपाकघर वापरणारी मुलं असोत, नाहीतर सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आई-बाबा असोत, प्रत्येकाचं इथेच अडतं. मग हळूहळू भरीत, ताजं कूट, घरची भाजणी हे पदार्थ मागे पडतात. ‘इथे ते जमत नाही’ असं आपण म्हणतो, आणि मुलांना ती चव कळतच नाही.

मंडळी, मराठीत स्वयंपाकाच्या क्रिया किती नेमक्या आहेत पाहा. शिजवणं वेगळं, वाफवणं वेगळं, परतणं वेगळं, तळणं वेगळं आणि भाजणं वेगळं. ओव्हन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केक येतो, म्हणून तो परका वाटतो. खरं तर ओव्हन हे भाजण्याचं साधन आहे. शिजवण्याचं काम कुकरला द्या, पोळी-भाकरीचं तव्याला द्या, आणि भाजण्याचं काम ओव्हनला द्या. एवढी वाटणी केली की तो रोज उपयोगी पडतो.

आणि ही पद्धत आपल्याला नवी नाही. कोकणात जून काकडी, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करतात. पातेलं चुलीवर ठेवायचं, झाकणावरही निखारे ठेवायचे, म्हणजे खालून आणि वरून सारखी धग लागते. रायगडात थंडीच्या दिवसांत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी किंवा कोंबडी भरून भोवती जाळ करतात. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजतात. इथल्या माओरी लोकांचं हांगीही याच घराण्यातलं: जमिनीत खड्डा, त्यात तापवलेले दगड, आणि मातीखाली तासन्‌तास शिजणारं अन्न. तुमच्या ओट्यावरच्या ओव्हनला वर एक-दोन आणि खाली एक-दोन सळ्या असतात. तेच तुमचे वरचे आणि खालचे निखारे.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात. सळ्या तापून लाल होतात. त्यांची धग पदार्थावर सरळ पडते आणि आतली हवाही तापते. पेटी लहान असल्यामुळे ओव्हन साधारण पाच ते आठ मिनिटांत तयार होतो. पण पेटी लहान म्हणजे सळ्याही जवळ. म्हणून मोठ्या ओव्हनसाठी लिहिलेली कृती इथे जशीच्या तशी वापरली, तर वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. उपाय सोपा आहे: ट्रे मधल्या किंवा खालच्या खाचेत ठेवा, तापमान दहा-वीस अंशांनी कमी करा आणि पहिल्यांदा वेळेच्या आधीच डोकावून पाहा. पंखा असलेला ओव्हन असेल तर पंखा चालू केल्यावर साधारण २० अंश कमी धरा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी फॅरनहाइटमध्ये कृती पाठवली, तर ३५० म्हणजे आपले साधारण १७५ अंश सेल्सिअस आणि ४०० म्हणजे साधारण २०० अंश.

बटणावरची चित्रं आई-बाबांना एकदा समजावून सांगा. चौकोनात वर आडवी रेघ म्हणजे वरची सळी, खाली रेघ म्हणजे खालची, दोन्ही रेघा म्हणजे दोन्ही. नागमोडी रेघ म्हणजे ग्रिल, म्हणजे वरून जोराची धग. पंख्याचं चित्र म्हणजे आत हवा फिरणार. रोजच्या कामाला दोन्ही रेघांचं चित्र पुरतं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. पाणी १०० अंशांना उकळतं. पदार्थाच्या वरच्या थरात पाणी आहे तोवर तो थर त्यापुढे फारसा तापत नाही. भाजल्याचा खरपूस रंग आणि वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. म्हणजे आधी पाणी उडायला हवं. ट्रेमध्ये भाजीचा ढीग घातला की वाफ कोंडते आणि भाजी भाजण्याऐवजी वाफवली जाते. म्हणून एकच थर, आणि तुकड्यांमध्ये थोडी जागा. हा एक नियम पाळला तरी निम्मं काम झालं.

(संगीत)

चला, आता पदार्थांकडे वळू. इथे सांगितलेल्या वेळा छोट्या ओव्हनसाठी साधारण धरून चालायच्या आहेत. प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो. तुमच्या ओव्हनचा स्वभाव ओळखायचा असेल, तर जाळीवर ब्रेडच्या चार-पाच स्लाइस शेजारी शेजारी मांडा, १८० अंशांवर काही मिनिटं ठेवा आणि बघा. जिथली स्लाइस आधी लाल झाली, तो तुमच्या ओव्हनचा तापट कोपरा. पुढे कायम ट्रे अर्ध्या वेळेत फिरवून ठेवायचा.

सुरुवात शेंगदाण्यांपासून करा, कारण मराठी घरात कुटाशिवाय पान हलत नाही. अर्धा किलो दाणे ट्रेमध्ये एका थरात पसरा. १६० अंशांवर १५ ते २० मिनिटं. मध्ये दोनदा हलवा. सालं तडकू लागली आणि वास सुटला की बाहेर काढा. दाणे बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने आणखी थोडे भाजले जातात, म्हणून हव्या त्या रंगाच्या किंचित आधीच काढायचे. गार झाल्यावर फडक्यात चोळून सालं काढा. कढईपाशी उभं राहून हलवत बसायला नको, आणि दाणे सगळीकडून सारखे भाजले जातात.

रवाही असाच. १५० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, दर चार-पाच मिनिटांनी हलवून. मग उपमा असो की शिरा, डबा तयार. सुक्या खोबऱ्याचा कीस मात्र नाजूक. त्यात तेल भरपूर असतं, त्यामुळे १५० अंशांवर पाच-सात मिनिटांतच रंग बदलतो. त्या वेळात ओव्हनसमोरून हलू नका.

थालीपिठाची भाजणी तर नावातच सांगते तिला काय हवं ते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. १६० अंशांवर धान्यं आणि डाळी १५ ते २० मिनिटं, धणे पाच-सात मिनिटं, जिरे त्याहून कमी. एका रविवारी दुपारी एकामागून एक ट्रे लावा. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थोडं थोडं दळा आणि चाळून घ्या. गिरणी नसली तरी महिन्याची भाजणी होते. थालीपीठ मात्र तव्यावरच लावा. भोकांत तेल सोडून आलेला कुरकुरीतपणा ओव्हनला जमत नाही, आणि जमतो असं सांगण्यात अर्थ नाही.

आता भरीत. इथे मिळणारं मोठं जांभळं वांगं घ्या. हिवाळ्यात ते महाग असतं, म्हणून हा बेत उन्हाळ्यातला. सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा. हे विसरू नका, आत वाफ कोंडली तर वांगं फुटतं. तेलाचा हात लावून २२० अंशांवर ४० ते ५० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा पालटा. शेवटच्या २० मिनिटांसाठी शेजारी सालासकट लसणाच्या पाकळ्या आणि दोन टोचलेल्या मिरच्या ठेवा. शेवटची पाच मिनिटं ग्रिल लावा, म्हणजे साल काळपट होईल. पऱ्हाट्यांच्या धुराचा वास याला येणार नाही, हे खरं. चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका घातली तर त्या वासाच्या जरा जवळ जाता येतं. घरात कोळसा पेटवून धुंगार देण्याच्या फंदात मात्र पडू नका. बंद घरात जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि तो जीवघेणा आहे.

रताळ्याची इथली बहीण म्हणजे कुमरा. अल्बनीच्या उत्तरेला डार्गाव्हिलच्या परिसरात त्याचं मोठं पीक निघतं. लाल, सोनेरी आणि केशरी असे प्रकार दुकानात मिळतात. आषाढी एकादशी इथे ऐन हिवाळ्यात येते. त्या दिवशी धुतलेला कुमरा सालासकट, टोचून, २०० अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. सुरी सहज आत गेली की झाला. वर तूप आणि जिऱ्याची पूड. उपासालाही चालतं आणि ओव्हनच्या उबेने स्वयंपाकघरही गरम होतं.

रोजच्या भाज्यांत भेंडी आणि फ्लॉवर ओव्हनला फार मानवतात. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करा, चिरून चमचाभर तेल आणि हळद चोळा, २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं. कोरड्या धगीमुळे चिकटपणा जातो. फ्लॉवरच्या तुऱ्यांना २५ मिनिटं लागतात. मीठ, तेल, हळद आधी लावा, पण गोडा मसाला आणि तिखट शेवटच्या पाच मिनिटांत घाला. मसाले बारीक असतात, ते भाजीच्या आधी करपतात आणि कडू होतात. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू बाहेर काढल्यावर.

मिसळ किंवा रश्श्याच्या वाटणासाठी उभा चिरलेला कांदा तेलाचा हात लावून २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा. एका वेळी चार कांदे भाजून, वाटून, छोट्या डब्यांत फ्रीझरमध्ये ठेवले तर चार वेळचं वाटण तयार राहतं. कोथिंबीर वडी नेहमीसारखी वाफवून, गार करून, कापून घ्या. मग वरून तेल लावून २०० अंशांवर २० मिनिटं, मध्ये एकदा पालटून. तळल्यासारखी होत नाही, पण खरपूस होते आणि घरात तळणाचा वास राहत नाही. चिकनच्या मांड्या मसाला लावून २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. चिकनच्या बाबतीत रंगावर विसंबू नका. सर्वांत जाड भागात, हाडापासून दूर, थर्मामीटर टोचला की ७५ अंश दिसायला हवेत.

ऑकलंडची हवा दमट. डब्यातले पोहे, पापड, शेव बघता बघता मऊ पडतात. उन्हात वाळवायची सोय नाही, तिथे ओव्हन कामाला येतो. १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, आणि पूर्ण गार झाल्यावरच डबाबंद. दिवाळीच्या चिवड्याचे पातळ पोहे असेच कुरकुरीत करून घ्या. दिवाळी इथे वसंतात येते, आणि वसंतातल्या पावसाचं काय सांगावं! कच्चा पापड शेकायचा तर ग्रिलखाली फार तर एखादं मिनिट, आणि डोळ्यांदेखत. उरलेल्या पोळ्यांवर पाण्याचा हबका मारून त्या फॉइलमध्ये गुंडाळा आणि १८० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा.

आता हे सगळं कामाच्या दिवशी कसं बसवायचं? समजा, अल्बनीच्या बस स्थानकावरून पावणेसहाला घरी पोचलात. हिवाळ्यात तेव्हा काळोख झालेला असतो, मुलांना भूक लागलेली असते. पाय धुऊन आधी ओव्हन लावा. तो तापेपर्यंत फ्लॉवर चिरा. सहा वाजता ट्रे आत. लगेच कुकरमध्ये वरण-भात. भाजी होते तोवर आमटीची फोडणी, कोशिंबीर आणि मुलांच्या डब्याची विचारपूस. साडेसहाला पानं वाढली. ओव्हनने इथे वाचवली ती हलवत उभं राहण्याची मेहनत. ती वीस मिनिटं तुमची आणि मुलांची.

विजेचा हिशोबही करून टाकू. १५०० वॉटचा ओव्हन सलग ४० मिनिटं चालला तर एक युनिट. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण तापमान गाठल्यावर सळ्या चालू-बंद होत राहतात. तुमच्या बिलावरचा युनिटचा दर बघा, म्हणजे एका ट्रेचा खर्च समजेल. दोघा-चौघांच्या जेवणासाठी भिंतीतला मोठा ओव्हन तापवण्यापेक्षा हा स्वस्त पडतो. पंधरा पाहुणे येणार असतील तर मात्र मोठाच बरा, छोट्यात पाच फेऱ्या करण्यात काही बचत नाही.

भारतातून ओटीजी आणावा का? दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टचीच, त्यामुळे यंत्र चालेल. पण भारतातल्या जाड गोल पिनांचा प्लग इथल्या चपट्या पिनांच्या सॉकेटला बसत नाही. प्रवासी अडॅप्टर लावून रोज तासभर ओव्हन चालवणं धोक्याचं. बॅगेतली जागा भाजणी आणि गोड्या मसाल्यासाठी ठेवा, ओव्हन इथेच घ्या.

शेवटी सुरक्षिततेचं, आणि हे घाईत ऐकू नका. न्यूझीलंडमध्ये घरांना लागणाऱ्या आगींचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चालू सोडून दिलेला स्वयंपाक. ओव्हन आपला हात मोकळा करतो, नजर नाही. ट्रे आत असताना आंघोळीला जाऊ नका, मुलांना आणायला बाहेर पडू नका, सोफ्यावर आडवे होऊ नका.

ओव्हन थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा, मल्टिबॉक्सला नको. इथलं साधं सॉकेट १० अँपियरचं, म्हणजे साधारण २३०० वॉटचं. ओव्हन आणि हीटर एकाच मल्टिबॉक्सवर लावले तर वायर तापते. ओव्हन आणि किटली एकाच सर्किटवर एकदम चालू केली तर ट्रिप होऊन वीज जाऊ शकते. ओव्हनच्या चारही बाजूंना मोकळी जागा हवी. किती, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. वर डबे, फडकी, ब्रेडची पिशवी काही ठेवायचं नाही. तळाच्या सळ्यांवर फॉइल अंथरायचं नाही. बेकिंग पेपरचे कोपरे वरच्या सळीला टेकू द्यायचे नाहीत. तुकड्यांचा ट्रे आठवड्याला झाडायचा. काचेचं गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवायचं नाही, ते तडकतं. आणि रांगणारं मूल घरात असेल तर लक्षात ठेवा, ओव्हनच्या दाराची काच बाहेरूनही भाजते.

धुराचा अलार्म वाजला म्हणून तो काढून ठेवू नका. भाड्याच्या घरात तो बंद करण्याची भाडेकरूला परवानगीच नाही. ओव्हन एक्झॉस्टजवळ ठेवा, ग्रिल लावण्याआधी एक्झॉस्ट चालू करा, खिडकी उघडा. भाड्याच्या स्वयंपाकघरात बाहेर हवा टाकणारा एक्झॉस्ट असणं हे इथल्या ‘हेल्दी होम्स’ नियमांत येतं. २०१९ पासून हे नियम आहेत आणि १ जुलै २०२५ पासून सगळ्या भाड्याच्या घरांना लागू आहेत. तुमचा एक्झॉस्ट बंद पडला असेल तर संकोच न करता घरमालकाला लेखी कळवा.

आत काही पेटलंच, तर दार उघडू नका. हवा मिळाली की ज्वाळा वाढते. भिंतीवरचा स्विच बंद करा. लगेच विझलं नाही तर सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि १११ वर फोन करा. हा आकडा आई-बाबांनाही पाठ असू द्या, आणि घराचा पत्ता इंग्रजीत लिहून दाराजवळ लावून ठेवा.

तर मंडळी, या आठवड्यात एकच करा. अर्धा किलो शेंगदाणे, १६० अंश, २० मिनिटं. घरभर वास सुटला की मुलं विचारतील, आज काय आहे? त्यांना गरम दाणे आणि गुळाचा खडा द्या, आणि उरलेल्या दाण्यांचं कूट करून ठेवा. पुढच्या ट्रेमध्ये काय ठेवायचं, ते मग तीच सांगतील. पुन्हा भेटूच. तोवर सांभाळून राहा, आणि दोन घास जास्त जेवा. नमस्कार!